सगळ्या मॅच जिंकून १ डॉलर ३९ सेंट कमावणारी टीम

सिनसिनाटी बेसबॉल क्लबच्या १८६९ च्या हिशोबात जमा दिसते २९,७२६ डॉलर २६ सेंट आणि खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट, म्हणजे वर्षभर राबून, अर्धा देश फिरून हातात उरले १ डॉलर ३९ सेंट. आणि हे कुठल्या वर्षी, तर ज्या वर्षी ही टीम एकही मॅच हरली नाही त्या वर्षी. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं छापण्यात चूक असेल, पण नाही, तेवढाच नफा. अमेरिकेतली पहिली उघड-उघड पूर्ण पगारी बेसबॉल टीम ती हीच, लोक तिला रेड स्टॉकिंग्ज म्हणायचे म्हणजे लाल मोजेवाले, आणि पुढच्या वर्षी ती बंदही पडली. सगळं जिंकणारी टीम बंद का पडते हे समजून घ्यायचं असेल तर आधी खेळात पगार आला कसा तिथून सुरुवात करावी लागते.

ज्यांनी बेसबॉल बघितलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नऊ जणांची टीम, नऊ इनिंग, मैदानात चौकोनात चार बेस, बॅट्समनने मारायचं आणि पळत चारही बेस फिरून परत घरी यायचं की एक रन. दर इनिंगला तीन आउट झाले की बाजू बदलते. हे आजही तसंच आहे पण १८६९ चा खेळ डोळ्यासमोर आणायचा असेल तर थोडं वेगळं चित्र लागेल, पिचर फक्त ४५ फुटांवरून आणि हात खालून फिरवून बॉल टाकायचा, आणि फिल्डरच्या हातात ग्लोव्हज नसायचे. उघड्या हातांनी कॅच घ्यायचे, बोटं मोडायची, आणि चुका इतक्या व्हायच्या की ४०-५० रन होणं काही विशेष नव्हतं. याच रेड स्टॉकिंग्जनी १८६९ मध्ये आपल्याच शहरातल्या बकाय क्लबला १०३-८ असं हरवलंय. त्यामुळे पुढे ४-२ असा एक स्कोअर येईल तो वाचताना थांबा, त्या काळात तो अविश्वसनीय होता.

तर पगार. बेसबॉल सुरू झाला तो क्लबांचा खेळ म्हणून, न्यूयॉर्कमध्ये १८४५ ला निकरबॉकर क्लबने नियम लिहून काढले, आणि मेंबर कोण तर बरी नोकरी किंवा धंदा असलेली माणसं, संध्याकाळी जमायचं, खेळायचं, मग एकत्र जेवायचं. मग क्लब वाढले, त्यांची असोसिएशन झाली आणि तिने १८५९ मध्ये नियमच केला की खेळण्यासाठी पैसे घेणारा माणूस मॅचमध्ये चालणार नाही. त्यांच्या दृष्टीने खेळ शुद्ध ठेवायचा होता, आणि मला तरी त्या भावनेत खोटेपणा वाटत नाही, पैसा आला की सट्टा येणार ही भीती खरीच होती. पण त्याच सुमारास दुसरी गोष्ट चालू झाली होती. १८५८ मध्ये न्यूयॉर्क विरुद्ध ब्रुकलिन अशी मॅच झाली तिला तिकीट लावलं आणि लोकांनी पैसे दिले. १८६२ मध्ये ब्रुकलिनला विल्यम कॅमेयर नावाच्या माणसाने मैदानाला सगळीकडून कुंपण घातलं आणि गेटवर १० सेंट घ्यायला लागला.

माझ्या मते सगळा इतिहास त्या कुंपणात आहे. मोकळ्या मैदानात कोणीही येऊन बघतो, कुंपण घातलं की गेट येतं, गेट आलं की गल्ला येतो, गल्ला आला की प्रश्न येतो की लोक नेमके कोणाला बघायला येतात. लोक चांगल्या खेळाडूला बघायला येतात. मग तो खेळाडू म्हणणार ना की यातलं माझं काय?

नियम तर पैसे द्यायला परवानगी देत नव्हता, मग पैसे दिले जायचे पण लपवून. ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर क्लबचा जिम क्रायटन हा पिचर १८६० च्या आसपास आतून पैसे घेत होता असं मानतात, बिचारा १८६२ मध्ये २१ व्या वर्षी गेला. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स टीमचे खेळाडू शहराच्या सरकारी पगारपत्रकावर असायचे. आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे जॉर्ज राइट, हा १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्स टीमकडून खेळत होता आणि कागदावर तो सरकारी क्लार्क होता, ऑफिसचा पत्ता २३८ पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यू. त्या पत्त्यावर सार्वजनिक बाग होती.

याच १८६७ च्या जुलैत ही नॅशनल्स टीम दौऱ्यावर निघाली आणि सिनसिनाटीत येऊन त्यांनी तिथल्या क्लबला ५३-१० धुतलं. शहराच्या मनाला ते लागलं. सिनसिनाटी म्हणजे ओहायो नदीकाठचं मोठं व्यापारी शहर, डुकराच्या मांसाचा एवढा मोठा धंदा की टोपणनावच पोर्कोपोलिस, पण रेल्वे आल्यावर नदीचं महत्त्व कमी व्हायला लागलं होतं आणि शिकागो पुढे चाललं होतं. अशा शहराला काहीतरी पाहिजे असतं ज्याच्यामुळे पेपरात नाव येईल. क्लबचा प्रेसिडेंट अॅरन चॅम्पियन हा वकील, त्याच्या डोक्यात आलं की ते काहीतरी म्हणजे बेसबॉल टीम. त्याने क्लबचे शेअर विकून पैसा उभा केला, मैदान सुधारलं आणि १८६८ पासूनच बाहेरचे चांगले खेळाडू आणायला सुरुवात केली.

इथे आपल्याला जवळचा वाटेल असा माणूस येतो, हॅरी राइट. हा जॉर्जचा मोठा भाऊ, जन्म १८३५, इंग्लंडमधलं शेफील्ड, आणि बाप सॅम्युअल राइट हा पेशाने क्रिकेटर. हे कुटुंब अमेरिकेला आलं आणि बाप न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबमध्ये पगारी प्रोफेशनल म्हणून लागला, मुलं त्या मैदानावरच वाढली. जगातली पहिली इंटरनॅशनल क्रिकेट मॅच १८४४ ला याच क्लबच्या मैदानावर झालीये, अमेरिका विरुद्ध कॅनडा. म्हणजे क्रिकेटमध्ये पगार घेणारा प्रोफेशनल ही गोष्ट हॅरीला लहानपणापासून घरातलीच, त्याच्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. सिनसिनाटीला तो १८६५ मध्ये आला तोही क्रिकेटसाठीच, तिथल्या युनियन क्रिकेट क्लबने वर्षाला १२०० डॉलरवर ठेवलं होतं. दोन वर्षांनी बेसबॉल क्लबने तोच पगार देऊन त्याला आपल्याकडे घेतलं. अमेरिकन बेसबॉलला पगारी शिस्त लावणारा माणूस क्रिकेटच्या घरातून आला ही गोष्ट आपल्याकडे फार कोणाला माहीत नसते आणि मला ती सांगायला खूप आवडते.

१८६८ संपता संपता असोसिएशनने हार मानली म्हणा किंवा शहाणपण दाखवलं म्हणा, नियम बदलला, आता ज्या क्लबला पाहिजे त्याने उघडपणे प्रोफेशनल व्हावं. बरेच क्लब अर्धवट राहिले, काही खेळाडू पगारी, काही गेटच्या गल्ल्यात वाटेकरी, काही नुसते मेंबर. हॅरी आणि चॅम्पियन यांनी मात्र सगळेच्या सगळे दहा जण पगारावर घेतले, नऊ आणि एक राखीव, १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा करार करून. आकडे पण माहीत आहेत, शॉर्टस्टॉपला (म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागी) भाऊ जॉर्ज राइट १४०० डॉलर, हॅरी स्वतः कॅप्टन आणि सेंटर फिल्डर १२००, पिचर एसा ब्रेनर्ड ११००, थर्ड बेसवर फ्रेड वॉटरमन १०००, बाकी पाच जणांना प्रत्येकी ८०० आणि राखीव डिक हर्लीला ६००. बेरीज ९,३००. कॅप्टनपेक्षा धाकट्या भावाला जास्त पगार आहे बघा, कारण तो खरंच त्या काळातला सगळ्यात भारी खेळाडू होता, त्या सीझनमध्ये त्याच्या नावावर ४९ होम रन (एकाच फटक्यावर चारही बेस फिरून येणं) सांगतात.

आणि या दहा जणांत सिनसिनाटीचा माणूस फक्त एक, फर्स्ट बेसवाला चार्ली गोल्ड. बाकी सगळे बाहेरून आणलेले. आज कुठल्याही लीगमध्ये आपल्याला याचं काही वाटत नाही, मुंबईच्या टीममध्ये वेस्ट इंडिजचा माणूस असतो आणि आपण ओरडतो त्याच्यासाठी, पण तेव्हा हा प्रश्न खरा होता की न्यूयॉर्क-न्यू जर्सीची माणसं विकत आणून जिंकलेली मॅच ही शहराची मॅच कशी? सिनसिनाटीच्या लोकांनी उत्तर दिलं ते मैदानावर गर्दी करून. शहराचं नाव छातीवर नसलं तरी पायात लाल मोजे होते, तेवढं त्यांना पुरलं.

मोज्यांचं पण सांगतो. तेव्हा मोठी माणसं खेळताना लांब पँटच घालायची, या क्लबने १८६८ पासून गुडघ्यापर्यंतची आखूड पँट आणि खाली लांबलचक लाल मोजे असा ड्रेस केला, पळायला सोपं आणि लांबून ओळखू येणारं. क्लबचं अधिकृत नाव साधं सिनसिनाटी बेसबॉल क्लब होतं, रेड स्टॉकिंग्ज हे मोज्यांवरून पडलेलं नाव. मग शिकागोने व्हाइट स्टॉकिंग्ज काढली, सेंट लुईसने ब्राउन स्टॉकिंग्ज, आणि आजच्या रेड सॉक्स, व्हाइट सॉक्स या नावांची परंपरा तिथूनच आलीये.

नुसते चांगले खेळाडू गोळा करून ही टीम झाली नव्हती, ती हॅरीने घडवली. तो रोज प्रॅक्टिस घ्यायचा, जे तेव्हा बऱ्याच क्लबांना माहीतच नव्हतं. बॉल एकाकडे गेला की दुसऱ्याने त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं, थ्रो कुठे करायचा ते आधी ठरलेलं, वेग कमी-जास्त करून बॅट्समनला फसवायचं, हे सगळं तो शिकवायचा. पगार देतोय म्हणून तो हे मागू शकत होता. संध्याकाळी हौस म्हणून येणाऱ्याला तुम्ही सांगू शकत नाही की उद्या सकाळी परत ये.

सीझनची पहिली मॅच ४ मे १८६९, ग्रेट वेस्टर्न क्लबला ४५-९ हरवलं. मग महिनाअखेरीला टीम पूर्वेकडे निघाली, कारण बेसबॉलचं माहेर तिकडे आणि तिकडच्यांना हरवल्याशिवाय कोणी मोठं म्हणणार नव्हतं. १५ जूनला ब्रुकलिनमध्ये समोर म्युच्युअल्स, आणि तो स्कोअर ४-२. दोन्ही बाजूंची फिल्डिंग इतकी घट्ट की लोकांनी असा खेळ बघितलाच नव्हता, आणि सिनसिनाटीत तार आली तेव्हा लोक रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी त्याच ब्रुकलिनच्या अटलांटिक्सना ३२-१०, तिसऱ्या दिवशी एकफर्ड क्लबला २४-५. पुढे वॉशिंग्टनला जाऊन प्रेसिडेंट ग्रँट यांना भेटून आले. १ जुलैला घरी परतले तेव्हा मिरवणूक, आणि लाकूडवाल्यांनी बनवलेली २७ फूट लांबीची बॅट भेट. चॅम्पियनने भाषणात सांगितलं की मला अमेरिकेचा प्रेसिडेंट होण्यापेक्षा या क्लबचा प्रेसिडेंट राहणं जास्त आवडेल.

एक डाग त्या वर्षी आहे आणि तो सोडून पुढे जाणं बरोबर नाही. ऑगस्टच्या शेवटी ट्रॉयची हेमेकर्स टीम सिनसिनाटीत आली, स्कोअर १७-१७ असताना एका कॅचवरून वाद झाला, अंपायरने हेमेकर्सच्या विरुद्ध निर्णय दिला आणि त्यांच्या प्रेसिडेंटने टीमच मैदानातून बाहेर काढली. अंपायरने मॅच सिनसिनाटीला दिली. तेव्हापासून बोललं जातं की हेमेकर्सवर मोठा पैसा लागलेला होता आणि हरलो तर बुडेल म्हणून कारण शोधून पळाले. म्हणजे असोसिएशनला वाटत होती ती सट्ट्याची भीती अशी समोर आली होती, आणि ती प्रोफेशनल टीमनेच आणली असंही नाही, ती गेटच्या आणि गर्दीच्या मागेच येत होती.

मग सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची रेल्वे त्याच वर्षी १० मे ला जोडली गेली होती, म्हणजे चार-पाच महिने जुनी वाट, आणि त्या वाटेने ही टीम सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन ईगल क्लबला ३५-४ हरवून आली. वर्षभरात जवळपास १२ हजार मैल प्रवास आणि दोनेक लाख लोकांनी बघितलं. असोसिएशनच्या क्लबांविरुद्ध ५७ मॅच, हार शून्य. (फ्रेंडली धरल्या तर आकडा वाढतो, पण हार कुठल्याच मोजणीत नाही.)

आता परत हिशोबाकडे या. पगार ९,३००, आणि एकूण खर्च जवळपास ३० हजार. म्हणजे पगारापेक्षा दुपटीने जास्त पैसा दुसरीकडे गेला, रेल्वेची तिकिटं, हॉटेल, मैदान. नाव कमवायचं तर दूर जावं लागत होतं, दूर गेलं की खर्च, आणि उत्पन्नाचा मार्ग एकच, गेट. पाऊस पडला की गल्ला नाही. छोट्या गावात समोरची टीम ४०-५० रनांनी हरणार हे सगळ्यांना आधीच माहीत, मग किती लोक तिकीट काढणार? लीग नव्हती, टाइमटेबल नव्हतं, चॅम्पियनशिपची व्यवस्था नव्हती, प्रत्येक मॅच पत्रं लिहून ठरवायची. आज टीमचा धंदा ज्या गोष्टींवर चालतो त्यातलं काहीच जन्माला आलेलं नव्हतं, फक्त पगार तेवढा आधी आला होता.

१८७० ला पण जिंकत सुटले, आणि सलग ८१ विजयांचा आकडा झाल्यावर १४ जून १८७० आला, म्युच्युअल्सच्या त्या ४-२ ला जवळपास एक वर्ष. ब्रुकलिनचं कॅपिटोलाइन ग्राउंड, समोर अटलांटिक्स, तिकीट ५० सेंट आणि तरी हजारोंची गर्दी, कुंपणावर झाडावर माणसं. नऊ इनिंगनंतर ५-५. अटलांटिक्स खूश होते, ड्रॉ मान्य करून निघायच्या तयारीत, प्रेक्षक मैदानात उतरायला लागले, आणि अजिंक्य टीमला ड्रॉ म्हणजे काही कमीपणा नव्हता, रेकॉर्ड राहिलं असतं. हॅरी आणि चॅम्पियन म्हणाले नाही, खेळायचं. नियम सांगायला हेन्री चॅडविक होताच, बेसबॉलवर लिहिणारा त्या काळातला सगळ्यात जाणता माणूस, त्याने सांगितलं की दोन्ही कॅप्टन राजी नसतील तर मॅच चालूच राहणार.

अकराव्या इनिंगला सिनसिनाटीने दोन रन काढले, ७-५. मग अटलांटिक्सची बारी, त्यांच्या जो स्टार्ट या बॅट्समनने मारलेला बॉल उजवीकडे प्रेक्षकांत गेला, सिनसिनाटीचा फिल्डर कॅल मॅकव्हे तो काढायला धावला तर एक प्रेक्षक त्याच्या पाठीवरच चढला असं सांगतात, एक रन आला आणि स्टार्ट तिसऱ्या बेसवर. पुढे बॉब फर्ग्युसन, हा नेहमी उजव्या हाताने मारायचा, पण शॉर्टस्टॉपला जॉर्ज राइट उभा होता ना, तिकडे बॉल गेला की संपलं, म्हणून हा डावखुरा होऊन उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूला मारून बरोबरी केली. मला हे फार भारी वाटतं, एका फिल्डरची इतकी धास्ती की माणूस हात बदलतो. मग पिचर झेटलाइनने मारलेला बॉल फर्स्ट बेसच्या बाजूला गेला, तिथे आपला सिनसिनाटीचा एकुलता एक गोल्ड, त्याच्याकडून बॉल नीट आवरला नाही, सेकंड बेसच्या थ्रोमध्ये गडबड झाली आणि फर्ग्युसन घरी पोचला. ८-७. चॅम्पियनने रात्री घरी तार केली त्यात शेवटी लिहिलं होतं की हरलो आहोत पण मान गेलेली नाही.

ड्रॉ घेतला असता तर? मी यावर खूपदा विचार केलाय आणि मला वाटतं हॅरीने केलं तेच त्याला करता येण्यासारखं होतं, लोकांनी ५० सेंट देऊन निकाल बघायला यावं आणि पगारी टीमने रेकॉर्ड सांभाळत बसावं हे त्याच्या हिशोबात बसतच नव्हतं.

पण धंद्याला ते महागात पडलं. त्या वर्षात आणखी पाच मॅच हरले म्हणजे एकूण सहाच, आजच्या कुठल्याही टीमला स्वप्नवत, पण लोक अजिंक्य टीम बघायला येत होते आणि अजिंक्य हा शब्द गेल्यावर गर्दी उतरली. टीममध्ये भांडणं होती, काही जणांचं पिणं होतं. आणि त्यात शिकागोने भरपूर पैसा टाकून स्वतःची पगारी टीम उभी केली, म्हणजे सिनसिनाटीने दाखवलेलीच युक्ती जास्त पैसा असलेल्या शहराने वापरली, खेळाडूंचे भाव वर गेले. खेळाडूला बांधून ठेवणारा नियम नव्हता, सीझन संपला की तो मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे. (तो बांधून ठेवणारा नियम पुढे १८७९ मध्ये आला आणि खेळाडूंनी जवळजवळ शंभर वर्ष त्याच्याविरुद्ध लढा दिला, तो स्वतंत्र विषय आहे.) चॅम्पियन ऑगस्टमध्ये बाजूला झाला, आणि नोव्हेंबर १८७० मध्ये क्लबने कळवून टाकलं की एवढे पगार देऊन पुढच्या वर्षी टीम ठेवली तर कर्जात बुडू, म्हणून आता पगारी टीम नाही.

हॅरीला बॉस्टनने बोलावलं. तो गेला, बरोबर जॉर्ज, गोल्ड आणि मॅकव्हे, आणि जाताना नाव पण गेलं, कारण बॉस्टनच्या टीमचं नाव झालं बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज. १८७१ च्या मार्चमध्ये प्रोफेशनल टीमांची पहिली असोसिएशन झाली, चॅम्पियनशिप आली, आणि बॉस्टनने १८७२ पासून १८७५ पर्यंत सलग चार वर्ष ती जिंकली. तोच क्लब पुढे बॉस्टन ब्रेव्हज, मग मिलवॉकीला, मग अटलांटाला गेला. त्यामुळे १८६९ च्या माणसांचा सरळ धागा पकडायचा तर तो आजच्या अटलांटा ब्रेव्हजकडे जातो. सिनसिनाटीची आजची रेड्स टीम १८८२ मध्ये उभी राहिलेल्या वेगळ्या क्लबपासून चालू आहे, पण शहर १८६९ ला आपलंच मानतं आणि ज्या गावाने त्या टीमसाठी रस्त्यावर येऊन नाचलंय त्याला तो हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

मधल्या काळात सिनसिनाटीने आणखी एक टीम काढली होती, १८७६ मध्ये, नवीन नॅशनल लीगमध्ये. तिचा मॅनेजर म्हणून चार्ली गोल्ड गावी परत आला, फर्स्ट बेसवर स्वतःच उभा राहिला, आणि ती टीम ९ मॅच जिंकली, ५६ हरली.